रबर, स्लॅग आणि हलके काँक्रीट: एका आक्षेपाला उत्तर

आदरणीय महोदय,

टायरचा चुरा आणि कारखान्यांतील राख व स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतून निघणारी मळी) वापरून केलेल्या हलक्या काँक्रीटचा मी पुरस्कार केला, त्यावर आपण तीन हरकती घेतल्या आहेत: रबरामुळे काँक्रीट कमकुवत होते, गोव्याच्या खाऱ्या हवेत ते टिकणार नाही आणि हा कचरा लोकांच्या घरात गाडण्याचा प्रकार आहे. तिन्ही हरकती गंभीर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ताकद घटते, यात वादच नाही. एल्डिन आणि सेनुसी यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत सर्व खडीच्या जागी रबराचे तुकडे घातल्यावर दाब सोसण्याची क्षमता सुमारे 85 टक्क्यांनी, तर सर्व रेतीच्या जागी चुरा घातल्यावर सुमारे 65 टक्क्यांनी खाली आली. रबर पाणी झिडकारते, त्यामुळे सिमेंट त्याला नीट धरत नाही, त्याच्याभोवती हवा अडकते आणि भार आला की ते खडीसारखे तोलून न धरता दबते. म्हणूनच खांब, तुळया आणि स्लॅब यांत रबर नको, असे माझे ठाम मत आहे. आतल्या आडभिंतीच्या ब्लॉकची गोष्ट मात्र वेगळी आहे. ज्या चिऱ्यांवर (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांवर) आपली जुनी घरे उभी आहेत, त्या चिऱ्याकडून भारतीय मानक 3620 प्रति चौरस मिलिमीटर 3.5 न्यूटन एवढ्याच ताकदीची अपेक्षा करते. रेतीचा पाचवा हिस्सा बदलूनही ब्लॉकला एवढी ताकद देणे अवघड नाही.

हलकेपणाचे श्रेय मात्र रबराला फारसे देता येत नाही. एका घनमीटरमध्ये साधारण 700 किलो रेती धरली आणि तिचा पाचवा हिस्सा काढून तेवढ्याच आकारमानाचा चुरा घातला, तर वजन जेमतेम 80 किलोंनी उतरते. खरा फरक पडतो तो दगडी खडीऐवजी फ्लाय अ‍ॅशच्या (कोळसा जाळल्यावर उरणाऱ्या बारीक राखेच्या) भाजलेल्या गोळ्या वापरल्यावर. मग घनमीटरला 2400 किलोंचे काँक्रीट 1800 किलोंच्या आसपास येते. तीन मीटर उंच आणि 150 मिलिमीटर जाडीच्या भरीव भिंतीमागे दर धावत्या मीटरला 270 किलो भार कमी होतो आणि तो खालच्या तुळयांवरून उतरतो. मग रबर कशाला, असे आपण विचाराल. ते रेती वाचवते आणि आवाज व हादरे शोषते. रेतीउपशावरील निर्बंध आणि बेकायदा उपशाचे न्यायालयापर्यंत गेलेले प्रश्न पाहता, गोव्यात रेतीची बचत ही लहान गोष्ट नाही.

ओतताना एक काळजी घ्यावीच लागते. व्हायब्रेटर जास्त वेळ चालवला की हलका चुरा वर तरंगतो आणि साच्याच्या माथ्यावर काळा थर दिसू लागतो. असा ब्लॉक टाकून द्यावा. उलट नीट मिसळलेल्या काँक्रीटचा घनाकृती नमुना चाचणी यंत्रात फुटला, तरी त्याचे तुकडे उडत नाहीत. भेगा पडूनही तो बराचसा एकसंध राहतो.

खाऱ्या हवेबद्दल आपली काळजी रास्त आहे, पण तिचा धोका मुख्यतः काँक्रीटमधील लोखंडी सळीला आहे. किनाऱ्याच्या उघड्या वातावरणातील सळईयुक्त काँक्रीटसाठी भारतीय मानक आयएस 456 किमान एम30, म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर 30 न्यूटन दाब सोसणारा दर्जा मागते. तिथे बारीक दळलेला स्लॅग उपयोगी पडतो, कारण तो छिद्रे बारीक करून सळी गंजवणाऱ्या मिठातील क्लोराइडची वाट अडवतो. यासाठी स्लॅग भट्टीतून निघताच पाण्याने झटकन थंड केलेला हवा. हवेत सावकाश थंड झालेला स्लॅग फार तर खडी म्हणून चालतो, सिमेंटची जागा घेत नाही. आडभिंतीच्या ब्लॉकमध्ये सळीच नसते, म्हणून तिथे गंजाचा प्रश्न उरत नाही.

कचरा गाडण्याची आपली हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. टायरमध्ये झिंक ऑक्साइड आणि इतर रसायने असतात, आणि उघड्यावर पाण्याशी सतत संपर्क राहिला तर ती झिरपू शकतात. म्हणून विहिरीच्या कठड्याला, पाण्याच्या टाकीला किंवा पावसाचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या फरसबंदीला हे मिश्रण वापरू नये. प्लास्टर केलेल्या आतल्या भिंतीत तसा संपर्क येत नाही. तेच टायर गॅरेजमागे पावसात पडून राहिले, तर त्यांत पाणी साचून डासांची पैदास होते, आणि जाळले तर काळा विषारी धूर सगळ्या वाड्याला सोसावा लागतो. आगीची बाजू आपण मांडली नाही, तरी तीही लिहून ठेवतो: अशा ब्लॉकची अग्निरोधक चाचणी झालेली नसेल, तर स्वयंपाकघराच्या आणि जिन्याच्या भिंतीसाठी मी चिराच सुचवेन.