खोक्यापासून मुलांना वाचवा

घरी नवा फ्रिज येणार असेल तर आधीच सावध करतो. फ्रिज ठेवा, खोकं ताबडतोब भंगारवाल्याला देऊन टाका. चार वर्षांचं पोर एकदा त्यात शिरलं की संध्याकाळपर्यंत त्या खोक्याची होडी होते, दवाखाना होतो, वाघाची गुहा होते, आणि तुम्ही हौसेने आणलेला एबीसीडी म्हणणारा रोबो कोपऱ्यात दिवे लावून बसतो. अमेरिकेत रॉचेस्टरच्या खेळण्यांच्या संग्रहालयाने 2005 साली पुठ्ठ्याचं खोकं आणि 2008 साली चक्क काठी मानाच्या यादीत घेतली. रोबो परवडला नसेल, दुसरं काय!

लेकीने भातुकली मांडली तर शेजारी बसा, पण नुसते बसू नका. पोळ्या किती? गोलाला इंग्रजीत काय म्हणतात? तिने भाजी वाढली तर ही जास्वंदीची पानं आहेत, हे स्पष्ट सांगा. दोन दिवसांत बोळकी आपोआप माळ्यावर जातील.

खरा धोका दिवाळीच्या किल्ल्याचा. विटा, पोती, चिखल, वर आरडाओरडा. बुरूज ढासळतो, पुन्हा रचतात. तळ्यातलं पाणी जिरतं, तेव्हा खाली प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची अक्कल कार्ट्यांना क्लास न लावता सुचते! अळीव पेरून रोज वाकून बघतात. महादरवाजावर पहाऱ्याला डायनासोर. शिवकाळात डायनासोर नव्हते, हे तिथल्या तिथे सांगा, नाहीतर पुढे इतिहास कच्चा राहील. त्यापेक्षा प्लास्टरचा तयार किल्ला आणावा आणि मुलांना लांबून दाखवावा.

या बाबतीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काही ऐकू नका. या दोघींनी 1945 साली पालघरकडच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे जवळच्या कोसबाडला गेल्या. मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि बिया, शंख-शिंपले, पानं हाताशी दिली. बियांवर फी कशी आकारणार, याचा विचारच नाही. आमच्या जवळच्या बालवर्गाचं बघा: ‘मुक्त खेळ’, मंगळवारी 11.10 ते 11.30, रांगेत.

एवढं सगळं नेटाने केलंत की एका रविवारी मूल येऊन विचारेल, ‘‘बाबा, आता मी काय खेळू?’’ घाबरू नका. कोपऱ्यावर कल्पकता-विकासाचा क्लास निघालाय. तीन महिन्यांची फी आगाऊ. पहिल्या दिवशी रिकाम्या खोक्यापासून काहीतरी करायला सांगतात.

खोकं घरून आणायचं.