सदाहरित म्हणजे सदाबहार नव्हे

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक यादी पुन्हा पुन्हा फिरते: ‘बोगनवेल, जास्वंद, सदाफुली, पिटुनिया, लॅव्हेंडर ही पाच सदाहरित झाडं लावा. रोज पाणी, आठवड्याला चहाचा चोथा. बाल्कनी बाराही महिने फुललेली!’ ठाण्या-नवी मुंबईच्या हवेत यातलं किती टिकतं ते पाहू.

‘पाचही सदाहरित.’ पिटुनिया इथे हंगामी. नोव्हेंबरात लावायची, मार्च तापला की काढायची. लॅव्हेंडर आपल्या दमट पावसाळ्यात मुळाशी कुजते, ती वगळाच. बाकी सदाहरित म्हणजे पानं एकदम गळत नाहीत, इतकंच. फुलांची हमी त्या शब्दात नाही.

‘रोज पाणी.’ बोगनवेलीच्या बाबतीत नेमकी हीच चूक. पाण्याचा थोडा ताण बसला की ती बहरते, रोज पाणी मिळालं की नुसते लांब फोक काढते. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात फोक एक तृतीयांश छाटा. मग वरची दोन इंच माती सुकून पानं किंचित मलूल दिसली, की एकदाच भरपूर पाणी. (तिचा रंग फुलांचा नसतोच, फुलांभोवतीच्या कागदी पानांचा असतो, म्हणून तो इतका टिकतो.) पावसाळ्यात ती बहुतेक हिरवीच राहणार.

सदाफुली जुलैच्या संततधारेत जाते. माती चिकट असेल तर बुंधा काळा पडून झाड मान टाकतं आणि मग ते वाचत नाही. कुंडी छपराखाली सरकवा, खालची ताटली काढा, मिश्रणात पाचवा हिस्सा जाड वाळू घाला. शेंगा पिवळ्या पडताच बी धरून ठेवा, सप्टेंबरात पेरा.

‘चहाचा चोथा.’ न धुतलेल्या चोथ्यातल्या साखरेला मुंग्या येतात. त्याच मुंग्या जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाला (कापसासारखी पांढरी, रस शोषणारी कीड) सांभाळतात, कारण तो गोड चिकटा सोडतो. कळ्या गळतात, आणि लोक आणखी चोथा घालतात! ढेकूण कापसाने पुसा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली द्रव साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. सात-सात दिवसांनी तीनदा. खत म्हणून 12 इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी गांडूळखत पुरे. वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरभर पाण्याला 2 ग्रॅम.

पण यादीची खरी चूक तिने न लिहिलेल्या गोष्टीत आहे: ऊन. आपण 19 अंश उत्तरेला आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून दक्षिणेच्या ज्या बाल्कनीत जानेवारीत ऊन घरात शिरतं, तिथे जूनमध्ये दुपारी कठड्यावरही थेट ऊन नसतं. उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळाभर ऊन नाहीच. तिथे बोगनवेलीचा हट्ट सोडा, रंगीत पानांचा अग्लोनिमा आणि कोलिअस ठेवा. क्रोटन मात्र नको, सावलीत तो हिरवा पडतो. दक्षिणेला क्रोटन खुलतो.

बारमाही रंग एका झाडाकडून मागू नका, पाळ्या लावा. हिवाळ्यात पिटुनिया, शेवंती. उन्हाळ्यात बोगनवेल, मोगरा आणि तळपत्या कठड्यावर ऑफिस टाइम (पोर्तुलाका). पहिल्या पावसाबरोबर पेरलेला तेरडा साधारण दोन महिन्यांत फुलतो, सोबतीला रेन लिली. मागे कायमची तगर, एक्झोरा आणि पेंटास असू द्या.

एक्झोराचे सुकलेले गुच्छ लगेच छाटा, म्हणजे नवे फुटवे आणि त्यांच्या शेंड्याला नवे गुच्छ येतात. कुंडी प्लास्टरच्या भिंतीला टेकवू नका. तिथला चुना मातीत उतरला की मुळांना लोह मिळत नाही, आणि पान पिवळं, शिरा हिरव्या असं दिसू लागतं. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही. कुंडी हलवा आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम मिसळून द्या.