आई मंगळागौरीच्या ग्रुपात गेली तर काय कराल?

आधी लक्षणं ओळखायला शिका. आषाढ अर्धा सरला की आई एकाएकी गुडघ्यांना तेल चोळू लागते. तुम्हाला वाटतं, बरं झालं, जिवाला जपतेय. जपत वगैरे काही नाही, बसफुगडीची तयारी चाललीय. मग कपाटाच्या तळाशी शिवलेली नऊवारी सापडते, तिच्या घडीत तुळशीबागेतली मोत्याची नथ आणि एक तयार खोपा. मोबाइलवर रात्री अकरालाही टुणटुण वाजणारा एक ग्रुप असतो आणि त्याच्या नावात ‘सख्या’ असतंच. इथवर मजल गेली असेल तर उशीर झालाय. तरी धीर सोडू नका.

पहिला उपाय वयाचा. “आई, आता या वयात...” एवढंच म्हणा आणि थांबा. वाक्य पुरं करू नका. केलंत तर तिला आठवेल, की याच वयात ती तुमच्या चिरंजीवांना कडेवर घेऊन तीन जिने चढते, येताना दळणही आणते. तेव्हा तिच्या गुडघ्यांची चौकशी कुणी केल्याचं स्मरत नाही. गुडघे फक्त फुगडीतच झिजतात, हे आपलं घरगुती वैद्यकशास्त्र आहे. ते डॉक्टरांसमोर मांडू नये.

नाही जमलं तर संस्कृती काढा. मंगळागौर नव्या नवरीची! लग्नानंतरची पहिली पाच वर्षं, श्रावणातले मंगळवार, पूजा, जागरण. चाळीस वर्षं संसार झालेल्या बायकांनी कार्यालयात जाऊन, माइक लावून, वर मानधन घेऊन झिम्मा खेळायचा म्हणजे काय? हे तावातावाने बोला, फक्त त्या खेळांतली गाणी नीट ऐकू नका. सासरच्यांना त्यांत इतकं मोकळेपणी धुतलेलं आहे, की ही संस्कृती टिकावी की बुडावी असा प्रश्न तुम्हालाच पडेल.

त्यातल्या घुमाचं तेवढं लक्षात ठेवा. तिला नाच म्हटलं की ती दर कडव्याला नवी सबब सांगते: सोनार आला नाही, कासार आला नाही, शिंपी आला नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्या सबबींवर घरं सुरळीत चालली. आता नऊवारी शिवून मिळते, ठुशी-बाजूबंद रस्त्यावर मिळतात, घुमाकडे एकही सबब उरलेली नाही. तेव्हा सबबी पुरवण्याची जबाबदारी तुमची. सरावाच्या नेमक्या दिवशी बाळाला शिंक येऊ द्या. सूनबाईंची मीटिंग लांबू द्या. “तू नसलीस की बाबा जेवत नाहीत” हे तर हुकमी अस्त्र. (बाबा जेवतात. उलट शेजारच्या हॉटेलातून मिसळ मागवतात आणि पुरावा खालच्या कचराकुंडीत टाकून येतात.)

पैशाचा मुद्दा मात्र जपून काढा. तुम्ही म्हणणार, कसली ती भिशी, बायकांचा पोरखेळ. आता बारा जणी महिन्याला दोन-दोन हजार काढतात, चिठ्ठी निघते ती चोवीस हजार घेऊन जाते. सही नाही, जामीन नाही, व्याज नाही, आणि चिठ्ठी लागली म्हणून पुढच्या महिन्यापासून गायब झालेली बाई मी अजून पाहिलेली नाही. तुमच्या मागच्या गाडीचं डाउन पेमेंट कुठून आलं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सरकारकडूनही मदतीची अपेक्षा ठेवू नका. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीच, २०२२ मध्ये, प्रवास फुकट झालेला. म्हणजे ग्रुपातली सगळ्यात म्हातारी बाई सगळ्यात स्वस्तात हिंडते. अशाने ज्येष्ठांना शिस्त कशी लागायची?

खरी कसोटी पुढे आहे. ग्रुपात एखाद्या काकू अशा असतात, की त्यांचे यजमान पाच-सहा वर्षांपूर्वी गेले. मंगळागौर सवाशिणींची, तेव्हा त्यांनी कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवाव्यात, फार तर सुपं हातात आणून द्यावीत, असं तुम्हाला वाटणारच. आणि तुमची आई, तुमचीच आई, त्यांच्या अंबाड्यात गजरा माळताना दिसेल. वर “हलू नकोस गं, पिन टोचेल” म्हणेल. इथे नियमांचा आधार घ्यायला जाल तर तोही सुटलाय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांची कुंकू-बांगड्या उतरवण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याचं अनुकरण करा असं शासनाने बाकीच्या ग्रामपंचायतींना सांगितलं. त्यामुळे गजऱ्याकडे न बघता सरळ वडापावच्या टेबलाकडे वळा.

आईला परदेशी ताईकडे धाडून द्यावं, असा एक विचार सुचेल. अमेरिकेत तर मुळीच धाडू नका. तिकडे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला स्यू एलन कूपर नावाच्या बाईंनी १९९८ साली मैत्रिणींना चहाला नेलं, सगळ्यांनी जांभळे कपडे आणि लाल हॅट घालून. त्यातून ‘रेड हॅट सोसायटी’ उभी राहिली. पन्नाशी ओलांडली की लाल हॅट. त्याआधी आलात तर गुलाबीवर भागवा! शाखेच्या प्रमुख बाईला म्हणायचं राणी. म्हणजे वय लपवणं सोडाच, वय झाल्याशिवाय तिथे खरा रंगच मिळत नाही. आपल्या बायका निदान नवरात्रात रोजचा रंग वर्तमानपत्राला विचारून घालतात.

एवढं करूनही आई गेलीच, तर शेवटचा उपाय: स्वतः कार्यालयात जा आणि तिला घरी घेऊन या. जाताना चेहरा गंभीर ठेवा. दारातच एक अनोळखी काकू तुमच्या हातात तीन पर्स, दोन चष्मे आणि एक मोबाइल देतील. आत पिंगा सुरू झालेला असेल, आणि मधोमध पदर खोचून उभी असलेली आई तुम्हाला बघून ओरडेल, “आलास? बरं झालं. आडवा धर रे फोन, मागच्या वेळी सगळ्यांचे पाय कापले होतेस!”

आडवा धरा.