बॉब क्रेनच्या टेपांबद्दल सगळे बोलतात, तपासाबद्दल कुणीच नाही

यूट्यूबवर बॉब क्रेनच्या खुनावर बरेच व्हिडिओ आहेत आणि मी जेवढे बघितले तेवढ्या सगळ्यांची सुरुवात त्याच्याकडे सापडलेल्या टेपांपासूनच होते. मला त्याचाच राग येतो म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉब क्रेन हा अमेरिकन टीव्हीवरचा घराघरात पोचलेला चेहरा. आधी लॉस एंजेलिसमध्ये केएनएक्स रेडिओवर सकाळचा शो करायचा, ड्रम वाजवायचा, आणि मग १९६५ ते १९७१ सीबीएस चॅनलवर 'होगन्स हीरोज'. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेले सैनिक आणि जर्मनांनाच उल्लू बनवणारा त्यांच्यातला कर्नल होगन, म्हणजे क्रेन, असा तो विनोदी शो, १६८ भाग चालला. क्रेनला दोनदा एमी ह्या टीव्ही पुरस्काराचं नॉमिनेशन मिळालं. हसरा, जरा मिश्किल, कुणालाही आपल्या घरातला वाटेल असा माणूस.

आणि त्याचवेळी दुसरीकडे त्याचं बायकांशी संबंध ठेवणं आणि ते कॅमेऱ्यात टिपून ठेवणं चालू होतं. वर्षानुवर्षं. त्याच ह्या टेपा. होम व्हिडिओ तेव्हा नुकता येत होता, मशीनं महाग आणि अवजड. शोमधल्याच एका सहकलाकाराने त्याची जॉन कार्पेंटरशी गाठ घालून दिली, हा व्हिडिओ मशीनं विकण्याच्या धंद्यातला माणूस, आणि मग दोघं मिळूनच हे सगळं करायला लागले. शो संपल्यावर क्रेनला मोठी कामं मिळेनाशी झाली, १९७५ साली त्याच्या नावाने नवा शो आला तो थोड्याच आठवड्यांत बंद पडला, मग गावोगावच्या डिनर थिएटरमधून नाटक करत फिरायचं. लोक जेवता जेवता नाटक बघतात तशी थिएटरं.

१९७८ च्या जूनमध्ये असाच तो अ‍ॅरिझोनातल्या स्कॉट्सडेलला होता, 'बिगिनर्स लक' नाटकासाठी. २९ जूनला दुपारी जेवायच्या वेळी ठरलेल्या ठिकाणी आला नाही म्हणून नाटकातली सहकलाकार त्याच्या अपार्टमेंटवर गेली. दार उघडंच. आत अंथरुणात तो मेलेला, डोक्यात जड वस्तूचे घाव आणि गळ्याला इलेक्ट्रिकची वायर आवळलेली. पन्नाशी पूर्ण व्हायला फक्त दोन आठवडे राहिले होते. दार फोडल्याची कुठलीच खूण नाही. हत्यार आजतागायत सापडलेलं नाही, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड असावा असा अंदाज.

कार्पेंटर त्या दिवसांत स्कॉट्सडेललाच होता आणि २९ च्या सकाळीच विमानाने लॉस एंजेलिसला परत गेला. त्याने भाड्याने घेतलेल्या गाडीत रक्ताचे डाग मिळाले, बी ग्रुपचे, क्रेनचा ग्रुपही बीच. आपल्याकडे बी ग्रुप घरोघरी असतो पण अमेरिकेत दहातल्या साधारण एकाचाच, म्हणजे पुरावा अगदीच फालतू नव्हता. पण डीएनए तपासणी तेव्हा नव्हतीच, त्यामुळे रक्त नेमकं कुणाचं हे सांगता येईना, आणि सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. स्कॉट्सडेल तेव्हा छोटं शहर, पोलिसांकडे खुनाच्या तपासाचं वेगळं पथकसुद्धा नव्हतं. माझ्या मते केस तिथेच हरली.

मग बारा वर्षांनी, १९९० मध्ये, फाईल परत उघडली आणि एका फोटोवर सगळ्यांची नजर गेली. गाडीच्या आतल्या बाजूला चिकटलेला बारीकसा कण, मेंदूच्या पेशींचा असावा असा. म्हणजे गाडीचे फोटो काढले होते, फोटो जपून ठेवलेही होते, पण तो कणच कुणी जपला नाही!! मला हे वाचून खरंच हात टेकावेसे वाटले. १९९२ ला कार्पेंटरला अटक झाली, १९९४ ला खटला चालला. त्यांची मैत्री क्रेन तोडायला निघाला होता म्हणून ह्याने मारलं असं सरकारी पक्षाचं म्हणणं. बचाव पक्ष म्हणाला की एवढ्या बायकांशी संबंध होते तर कुणाचाही नवरा किंवा बॉयफ्रेंड येऊन मारून गेला असेल, आणि ट्रायपॉडचं म्हणाल तर तो नुसता तर्क. कार्पेंटर निर्दोष सुटला, १९९८ मध्ये वारला.

आता ह्यात बघा, टेपा कुठे कुठे कामाला आल्या. क्रेन मारला जायच्याच लायकीचा होता असं म्हणायला लोकांना आल्या, संशयितांची यादी कितीही लांबवायला बचाव पक्षाला आल्या, नंतर मसाला म्हणून विकायलाही आल्या. फक्त खुनी शोधायला काही आल्या नाहीत. माणूस कसाही वागत असो, झोपेत डोकं फोडून मारला गेलाय तर त्याचा तपास नीट व्हायला हवा की नको? आणि कार्पेंटरला कोर्टाने सोडलंय, तरी व्हिडिओखाली बिनधास्त "खुनी" लिहून मोकळे होतात, हेही मला पटत नाही. मलाही संशय त्याच्यावरच जातो, खोटं कशाला बोलू, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे आणि पुरावा होता तो सांभाळला गेला नाही.

२०१६ मध्ये फिनिक्सच्या एका टीव्ही पत्रकाराने परवानगी मिळवून गाडीतल्या रक्ताचे जुने नमुने नव्याने तपासून घेतले. एकात कुणा अनोळखी पुरुषाचा डीएनए निघाला, दुसरा इतका खराब झालेला की काहीच ठरवता येईना. आणि त्या तपासणीत उरलासुरला नमुनाही संपला, म्हणजे ह्यापुढे कितीही चांगलं तंत्र आलं तरी त्या रक्तातून काही निघणार नाही.

अजून एक राहिलं आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात जास्त टोचणारं आहे. त्या टेपांमधल्या बायका. आपलं चित्रण होतंय हे त्यातल्या प्रत्येकीला माहीत होतं का, ह्यावर आजही दुमत आहे. त्यांच्यातल्या कितीतरी आज आज्या असतील, घरात नातवंडं असतील. क्रेनचं गुपित म्हणून जे मिटक्या मारत सांगितलं जातं ते त्यांचंही गुपित होतं, आणि ते चव्हाट्यावर आणायच्या आधी त्यांना कुणी विचारायला हवं होतं.