चालून नाही राहिलं, सर

उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर, नागपुरातला पारा 45 अंशांशी सलगी करीत असताना आणि कूलरच्या घरघरीत स्वतःचाच आवाज ऐकू येत नसताना, संगणकाच्या सी भाषेतील टेक्स्ट फाईलचे प्रात्यक्षिक घेणे हे माझ्या उपजीविकेचे साधन आहे. “सर, चालून नाही राहिलं,” एवढी एकच तक्रार सर्व बाकांवरून येते. नेमके काय चालत नाही, हे विद्यार्थी सांगत नाहीत. सी भाषा तर त्याहून मितभाषी. 1972 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती घडवली, ती बहुधा प्रोग्रामर हा समंजस प्राणी असतो या गृहीतकावर.

फाईल सापडली नाही, तर ती उघडणारे एफओपन हे फंक्शन मुकाट्याने ‘नल’, म्हणजे ‘काही नाही’, परत करते आणि तो तपासण्याचा कमीपणा कोणी घेत नाही. डी ड्राइव्हवरच्या ‘नागपूर’ नावाच्या फाईलचा पत्ता इंग्रजीत लिहिताना एकच बॅकस्लॅश दिला, की तो पुढच्या ‘एन’ला गाठून त्याची नवी ओळ करतो आणि प्रोग्राम ‘आगपूर’ शोधू लागतो. मे महिन्यात त्याला दोष तरी कसा द्यावा?

एका चिरंजीवांनी मेसच्या वर्षभराच्या हिशेबात तर्री-पोह्यांचे पैसे मिळवण्यासाठी फाईल शेवटी भर घालणाऱ्या ‘ए’ऐवजी नव्याने लिहिणाऱ्या ‘डब्ल्यू’ने उघडली. ‘डब्ल्यू’ने उघडलेली जुनी फाईल एक अक्षर लिहिण्यापूर्वीच कोरी होते, त्यामुळे आता मेसवाला म्हणेल तोच हिशेब. उरलेली नोंद पडद्यावर दोनदा आली. “काहून सर?” वाचनाचा एक प्रयत्न फसल्याखेरीज एफईओएफ या फंक्शनला फाईल संपल्याचे कळत नाही, आणि तोवर याचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारा सूचनांचा फेरा, जुनीच ओळ पुन्हा छापून मोकळे झालेले असते.

खरी कसोटी मराठीची. 10 बाईटांच्या ॲरेत, म्हणजे स्मृतीतल्या सलग कप्प्यांत, त्याच चिरंजीवांना फाईलमधून वाचणाऱ्या एफस्कॅनएफने ‘संत्री’ वाचायची होती. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अनुस्वार आणि पायमोडका हलन्तसुद्धा, 3 बाईट घेते; म्हणजे संत्री 18 बाईटांची. मर्यादा ओलांडून ती शेजारच्या स्मृतीत घुसते आणि सी भाषा हूं की चूं करीत नाही.

“आंबा चालेल का, सर?”

आंबा 12 बाईटांचा, तोही मावेना. बऱ्याच घासाघिशीनंतर बोरावर तडजोड झाली: 9 बाईट, आणि शब्द संपल्याची खूण म्हणून सी भाषा ठेवते ते शेवटचे शून्य धरून बरोब्बर 10.