नोकरी करणारा पाळक अर्धा पाळक असतो काय?

नाशिकमधील एका ख्रिस्ती मंडळीत पुढील पाळक, म्हणजे धर्मसेवक, कोण असावा, यावर सध्या चर्चा चालू आहे. ज्यांचे नाव सुचवले गेले ते गृहस्थ सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमचे सुपरवायझर आहेत. ईशज्ञानाचा (धर्मशास्त्राचा) अभ्यासक्रम त्यांनी नोकरी सांभाळून पूर्ण केला आणि आज तेच मानद म्हणून रविवारची उपासना चालवतात. ‘आधी नोकरी सोडा, मग पाळकपदाच्या दीक्षेचे बघू,’ असा काही ज्येष्ठांचा सूर आहे. हा सूर मला मान्य नाही. मात्र या गृहस्थांच्या बाजूने जी नेहमीची उत्तरे दिली जातात, तीही मला पुरेशी वाटत नाहीत.

नेहमीचे उत्तर म्हणजे बायबलमधील प्रेषित पौल. करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहून तो तंबू करण्याचा धंदा करीत असे आणि कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले, असे त्याने थेस्सलनीकाकरांना लिहिले आहे. हे खरेच आहे. परंतु पौल आपल्या हातांनी काम करीत होता, त्याच्या हाताखाली पन्नास कामगार नव्हते. सुपरवायझरचा प्रश्न तंबूवाल्याच्या उदाहरणाने सुटत नाही. त्यासाठी बंगालमध्ये आलेले मिशनरी विल्यम कॅरी यांच्याकडे पाहावे लागते.

इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशरमध्ये १७६१ साली जन्मलेले कॅरी जोडे शिवणारे कारागीर होते. मोल्टनच्या मंडळीचे पाळक झाल्यावरही तेथील तुटपुंज्या वेतनात घर चालेना, म्हणून त्यांनी जोडे शिवणे आणि शाळा चालवणे सोडले नाही. १७९३ च्या अखेरीस ते कलकत्त्याला पोहोचले, पण कंपनी सरकारला मिशनरी नको होते आणि जवळचे पैसेही लवकरच संपले. १७९४ मध्ये कंपनीचे अधिकारी जॉर्ज उडनी यांनी त्यांना मालद्याच्या बाजूला मुदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक नेमले. पगार दरमहा २०० रुपये आणि वर कमिशन. या कामामुळे कंपनीच्या दप्तरी त्यांची नोंद निळीचे व्यापारी म्हणून झाली आणि देशात राहण्याला आधार मिळाला.

नीळ हे हंगामी काम. पावसाळ्यात झाडे कापून आणायची, हौदात भिजवून आंबवायची, ते पाणी दुसऱ्या हौदात घेऊन घुसळायचे, खाली बसलेला गाळ उकळून, दाबून त्याच्या वड्या पाडायच्या. ही धावपळ साधारण तीन महिने चाले. उरलेल्या काळात कॅरी गावोगाव फिरत, बंगाली आणि संस्कृत शिकत, भाषांतर करीत. आता मला तुमच्या वेतनाची गरज नाही, असे त्यांनी आपल्याला पाठवणाऱ्या मायदेशातील मिशनरी संस्थेला कळवले, तेव्हा संस्थेला आनंद होण्याऐवजी काळजी वाटली, की व्यापारी मिशनऱ्याला गिळून तर टाकणार नाही ना. सव्वादोनशे वर्षांनी आपले ज्येष्ठ तेच म्हणत आहेत.

विरोधकांच्या हाती एक पुरावा आहे, तो मी लपवत नाही. मुदनाबाटीच्या सगळ्या वर्षांत एकाही बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला नाही. पहिला झाला तो डिसेंबर १८०० मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला, कृष्ण पाल या सुताराचा. पण बायबलच्या नव्या कराराचा बंगाली मसुदा तयार झाला तो याच नोकरीच्या काळात, आणि १८०१ मध्ये तो छापून निघाला. त्याच वर्षी कॅरी पुन्हा पगारदार झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली शिकवू लागले, पुढे संस्कृत आणि मराठीही, आणि पगारातील बहुतेक रक्कम मिशनच्या सामाईक निधीत जात असे. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश त्यांनी प्रसिद्ध केला, तो या नोकरीत असतानाच.

खरी अडचण माझ्या मते वेळेची नाही, अधिकाराची आहे. नीळ हा काही निष्पाप धंदा नव्हता. रयतेला आगाऊ रक्कम देऊन पुढे कर्जात अडकवण्याची जी पद्धत बंगालभर रुजली, तिच्याविरुद्ध १८५९ मध्ये शेतकरी उठले. कॅरी तेव्हा हयात नव्हते, पण आठवडाभर ज्यांच्याकडून काम करून घ्यायचे त्यांनाच उपदेश करायचा, हा पेच त्यांच्याही वाट्याला होता. ज्याच्या हाती मजुरी आहे त्याचे प्रवचन सोडून मजूर उठून कसा जाईल? सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराचेही तेच. ज्या सुपरवायझरच्या सहीवर ओव्हरटाइम आणि रजा अवलंबून, त्याने प्रार्थनेला बोलावले तर ‘नाही’ म्हणणे किती जणांना परवडेल? फ्रान्समधील कॅथलिक कामगार-धर्मगुरू कारखान्यात गेले ते साधे मजूर म्हणून. रोमने १९५४ मध्ये तो प्रयोग जवळजवळ थांबवला आणि १९६५ मध्ये पुन्हा परवानगी दिली. आमच्या या गृहस्थांनी खात्यात धर्माचा विषय न काढण्याचे आणि मंडळीतल्या मुलांसाठी भरतीत शब्द न टाकण्याचे पथ्य पाळले आहे, असे त्यांच्या एका हिंदू सहकाऱ्याकडूनच मला कळले. दुसऱ्या पथ्यावर मंडळीतले काही पालक नाराज आहेत, आणि आजच्या विरोधाचे थोडे मूळ तिथे असावे.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा दाखला देऊन संपूर्ण त्यागाची भाषा केली जाते. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या या जावयाने १९१७ मध्ये सोडले ते मिशनचे वेतन. मिशनच्या पगारावर जगणाऱ्याने दुसऱ्याला ‘तू पगार सोड’ म्हणताना हे आठवावे. नाशिकच्या शरणपूरचे जुने ख्रिस्ती खेडे तर सुतारकाम आणि लोहारकाम शिकवतच वाढले.

एक गोष्ट मात्र कॅरींच्या गौरवात झाकली जाते. मुदनाबाटीला त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, पत्नी डोरोथी यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि १८०७ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत ते सावरले नाही. दोन कामे करणाऱ्या माणसाचे तिसरे काम घरी कोणीतरी करीत असते. आमच्या चर्चेत या गृहस्थांच्या पत्नीला काय वाटते, हे अजून कोणीही विचारलेले नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत माझे म्हणणे असे राहील. त्यांना दीक्षा मिळावी यासाठी मंडळीने शिफारस करावी आणि त्यात नोकरी सोडण्याची अट नसावी. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दफनविधी आणि रुग्णभेटी कोणी करायच्या, हे शेजारच्या मंडळीच्या पाळकांशी आधीच ठरवावे. हे गृहस्थ मानधन मागत नाहीत म्हणून प्रवासखर्चही न देण्याची पद्धत बंद करावी. आणि हे सारे ठरवण्यापूर्वी पंचांपैकी दोघांनी त्यांच्या घरी जाऊन बाईंशी बोलावे.