पदवीसमान कागद वेगळा, पदवी वेगळी

15 वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला पदवीसमान प्रमाणपत्र मिळतंच, मग चाळिशीत कॉलेज कशाला, असं तुमच्या लेखात विचारलंय. साहेब, तो कागद सरकारी भरतीत, गट ‘क’च्या पदांसाठी चालतो. एलएलबीच्या, म्हणजे वकिलीच्या पदवीच्या प्रवेशाला नेलात तर खिडकीवरचा बाबू बघूनच परत देईल.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. पदवी सेवेत असतानाच मुक्त विद्यापीठातून काढली, आता लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली पोरं ‘काका’ म्हणतात. हजेरीला नाव आलं की अजून ताडकन उभा राहतो, मागच्या बाकावर खसखस पिकते. पिकू दे! अभ्यासाचं म्हणाल तर पाठांतरात हार जात नाही, पण तीन तास सलग लिहायचं म्हटलं की बोटं आखडतात. आणि सकाळी तास, रात्री सिक्युरिटीची ड्यूटी. पेन्शनीत घराचा हप्ता आणि पोरीची फी दोन्ही बसत नाही.

सेवेतल्या पोरांनो, आधी बारावी करा. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली तर बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमात लॉचा प्रवेश बसत नाही. युनिटमध्ये हे कोणी सांगत नाही.